तुझ्या शेळ्या, माझं टिंब

मंगल, काल तुझा दहावा झाला. घाटावर महाराजांनी बराच वेळ प्रवचन केलं. तू सात्त्विक होतीस, शांत होतीस, मितभाषी होतीस, असं सांगितलं. मितभाषी म्हणाले तेव्हा मला हसू आलं, हसू आलं म्हणून लगेच रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर तोंडाला पदर लावून बसण्यापलीकडे काही करता येईना. शेजारच्या बायकांना वाटलं, मैत्रीण फारच हळवी दिसते. तू शेजारी असतीस तर कोपर मारून म्हणाली असतीस की महाराजांना कुणीतरी भलत्याच बाईची माहिती दिलेली दिसते.

तुझ्याबद्दल लोक आता चांगलं चांगलं बोलतील. मला मात्र तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं आणि तू निघून गेलीस. तुझ्या घरच्यांना सांगितलं तरी पटायचं नाही, की दोन शिकलेल्या बाया नोकरीची इतकी वर्षं दशांश अपूर्णांकाच्या भागाकारावरून भांडत होत्या. दागिन्यावरून नाही, बदलीवरून नाही, मुख्याध्यापकांनी कुणाला झुकतं माप दिलं यावरूनही नाही. सहाला शून्य पूर्णांक पाचनं भागायला पोरांना कसं शिकवावं, यावरून.

पारगावच्या बाजूची ती आपली जिल्हा परिषदेची शाळा. सहावीच्या दोन तुकड्या, एक तुझी, एक माझी, आणि मधे पत्र्याचं पार्टिशन. कारखाना सुरू झाला की मळीचा वास वर्गात यायचा आणि ऊसतोड कामगारांची पोरं महिन्या दोन महिन्यांसाठी येऊन मागच्या रांगेत बसायची. पत्रा असा की तुझ्या वर्गात कुणी शिंकलं तरी माझ्या वर्गातली पोरं वळून बघायची. तुझा आवाज तर काय, मी फळ्यावर लिहीत असले तरी निम्मा तास तुझाच ऐकायचे.

माझी रीत सरळ होती. भाजकात टिंब आहे ना? मग भाजकातलं टिंब घालवायचं. दोन्हीकडे दहानं गुणायचं, म्हणजे टिंब एक घर उजवीकडे सरकवायचं. सहा भागिले शून्य पूर्णांक पाच, याचे झाले साठ भागिले पाच. उत्तर बारा, खाली दुहेरी रेघ, पुढचं गणित. माझ्या पोरांची उत्तरं बरोबर यायची आणि वह्या बघण्यासारख्या असायच्या. त्याचा मला ताठा होता, हे तू सगळ्या स्टाफसमोर म्हणाली होतीस, आणि तो होताच.

तू मात्र वर्गात शेळ्या सोडायचीस. तुझ्या वडिलांनी, आबांनी, आयुष्यभर मेंढरं राखली, आणि मेंढरं कमी झाली तशी गावातल्या लोकांच्या शेळ्या अर्धलीनं घेतल्या. शेळी मालकाची, राखायची दुसऱ्यानं, आणि होणारी करडं दोघांत निम्मी निम्मी. पत्र्यापलीकडून तुझा आवाज यायचा, आबांच्या वाट्याला तीन करडं आली, आबांचा वाटा अर्धा म्हणजे शून्य पूर्णांक पाच, तर एकूण करडं झाली किती? तुझी पोरं एका सुरात सहा म्हणायची. मग तू विचारायचीस, तीनाला भागलं आणि सहा आलं, भागून वाढलं कसं? त्यावर कुणीतरी आपल्या भाषेत सांगायचं की हातात आलाय तो नुसता वाटा, आणि आपण काढतोय सगळा कळप, मग सगळा कळप वाट्यापेक्षा मोठाच असणार. ते ऐकलं की माझ्या वर्गातली पोरं माझ्याकडे बघायची. आपल्या बाई असलं काही का सांगत नाहीत, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

डबा खाताना मी तुला म्हणायचे, गणितात कशाला आणतेस वाटे आणि शेळ्या? आकडा आकड्यासारखा शिकव. आणि तू भाकरीचा तुकडा तोंडात धरूनच म्हणायचीस, "आकडा काय आभाळातनं पडला का गं? कुनीतरी कायतरी मोजलं, तवाच झाला ना तो?" मग एसटीत बसेपर्यंत आपलं तेच चालायचं. कंडक्टर एकदा म्हणाला, बाई, निकाल लागला की मलाबी सांगा.

एका मुद्द्यावर तर तू मला चारीमुंड्या चीत केलंस, म्हणजे तू नाही, त्या मुलीनं केलं. मी म्हणायचे, भागाकार म्हणजे वाटणी, वाटणी माणसांत होते, आणि अर्धा माणूस कुठे असतो? म्हणून अर्ध्यानं भागणं डोळ्यासमोर आणताच येत नाही, ते नियमानंच करायचं. हे मी व्हरांड्यात तुला सांगत होते आणि ऊसतोड कामगारांच्या कोपीवरची, झोपडीतली, एक मुलगी तिथं पाण्याच्या पिंपाशी उभी होती. ती म्हणाली, "असतो की बाई. माझी चुलती अर्धा कोयता हाय." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि तिचा चुलता वारला होता. तिच्या हिशेबात अडीच कोयत्यांत काम वाटणं ही रोजची गोष्ट होती. तू हसली नाहीस तेव्हा. त्या मुलीला वर्गात नेलंस आणि तिलाच फळ्यापाशी उभं करून अडीचनं भागायला शिकवलंस. मला टोमणा मारायची संधी तू सोडलीस, हे मला फार दिवस लक्षात राहिलं.

आता त्या दुपारचं सांगते. हे तुला कधीच सांगितलं नाही, आणि हेच सांगायला आज बसलेय.

तुझ्या वर्गात वाटे लहान लहान होत चालले होते. अर्धा झाला, पाव झाला, दशांश झाला. मग तू विचारलंस, वाटा शून्य पूर्णांक शून्य पाच असला तर? एक पोरगं म्हणालं, एवढा बारका वाटा कुणाचा असतो का बाई? दुसऱ्यानं मागून उत्तर दिलं, "येसकराचा." तू म्हणालीस, "बरं, येसकराचा धर. त्याला खळ्यावर दोन पायली मिळाली, तर खळ्यावर एकूण किती?" पोरांनी बोटं मोजली आणि चाळीस म्हणाली. बरोबर उत्तर होतं. कुणी हसलं नाही, कुणी खुसखुसलं नाही. पोरांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही आणि तुलाही वाटलं नाही. मी खडू हातात धरून पत्र्याकडे बघत उभी राहिले.

माझे आजोबा येसकर होते, मंगल. गावाच्या वेशीवर बसायचं, सांगावे न्यायचे, कुणी मेलं की गावोगाव निरोप घेऊन पळायचं, आणि सुगीत खळ्याच्या कडेला उभं राहायचं. सगळ्यांचं मापून झालं की शेवटी तळाचं, मातीसकट, त्यांच्या फडक्यात पडायचं. धम्म घेतला तेव्हा त्यांनी तो वाटा घेणं सोडलं. त्या वर्षी घरात काय शिजलं हे आमची आजी कधी सांगायची नाही, एवढंच म्हणायची की त्यांनी सोडलं. मग माझे वडील शिकले, नोकरीला लागले, आणि मला रोज संध्याकाळी अंगणात बसवून गणितं घालायचे. त्यांना गणित फार आवडायचं. ते म्हणायचे, पाच लिहिला की तो पाच, पाटी कुणाची आहे हे तो विचारत नाही. माझी टिंब सरकवण्याची रीत, आखलेल्या वह्या, दुहेरी रेघ, सगळं तिथून आलं होतं. तुला वाटायचं मी पुस्तकी आहे. मला गणित ही एकच अशी जागा वाटायची जिथं कुणाचा वाटा नव्हता, आणि तू तिथं खळं आणून मांडलंस.

तुझा दोष नव्हता. हे मला त्याच दुपारी कळत होतं, आणि म्हणूनच बोलता येईना. दोष असता तर मी पार्टिशन ओलांडून आले असते आणि सगळ्या पोरांसमोर तुला ऐकवलं असतं. भांडायला मी कधी घाबरले होते? पण ज्याचा दोष नाही त्याला लागल्याचं कसं सांगायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तूही तशी दुसऱ्याच्याच कळपामागे उभ्या राहणाऱ्या बापाची लेक. तुझ्या तोंडी अर्धा वाटा अभिमानानं यायचा, कारण आबांनी तो कष्टानं मिळवलेला. माझ्या घरी वाटा हा शब्दच बंद झाला होता. आम्ही वाट्याला हिस्सा म्हणायचो, पोळी वाढतानासुद्धा.

मग मी डबा ऑफिसात बसून खायला लागले. हजेरीपटाचं काम आहे म्हणून सांगितलं. तू दारात येऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, "सुलू, काय झालंय गं?" मी म्हणाले, पित्त झालंय. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागदाच्या पुडीत आमसुलं आणून ठेवलीस. मग रोज. कधी आमसुलं, कधी जिऱ्याची पूड, एकदा तर तुझ्या सासूनं केलेला मोरावळा बाटली भरून. मला पित्ताचा त्रास आयुष्यात कधी झाला नाही, पण तुझ्यामुळे इतकं आंबट खाल्लं की तेव्हा खरंच झाला. शेवटी मी कंटाळून तुझ्यासोबत पुन्हा डबा खायला बसले. तू काही विचारलं नाहीस. मी काही सांगितलं नाही. चटणी इकडची तिकडे झाली, आणि मला वाटलं मिटलं.

त्यानंतर पत्र्यापलीकडून शेळ्या ऐकू आल्या नाहीत. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मी समजले, तो धडा संपला असेल. पुढच्या वर्षी आपल्या बदल्या झाल्या. तू आळेफाट्याच्या बाजूला गेलीस, मी ओझरला.

ओझरला आले आणि तुझी अडचण सुरू झाली. म्हणजे, तू नसल्याची. माझी रीत तीच, वह्या तशाच, पण पत्र्यापलीकडून येणारं ते बाकीचं सगळं गेलं. इतकी वर्षं माझी पोरं निम्मं गणित माझ्याकडून आणि निम्मं तुझ्या आवाजातून शिकत होती, हे मला तिथं कळलं. सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, भागलं तर कमी व्हायला पायजे ना? मग वाढलं कसं?" मी टिंबाचा नियम पुन्हा सांगितला. तिनं मान डोलावली. तिला कळलं नव्हतं, आणि मला आता शिकवायला पलीकडे कुणी नव्हतं. मग माझ्याच तोंडून निघालं, समज, तुझ्या आबांनी शेळी अर्धलीनं राखलीय आणि त्यांच्या वाट्याला तीन करडं आलीत.

बोलून गेल्यावर मी थबकले. वाटा हा शब्द मी वर्गात पहिल्यांदा उच्चारला होता. आभाळ काही कोसळलं नाही. ती मुलगी खुदकन हसली, कारण तिच्या घरी खरंच तसली शेळी होती. तेव्हापासून मी दर वर्षी शेळ्याच शिकवते, मंगल. अर्धा वाटा, पाव वाटा, त्यापुढे अडीच कोयते. फार बारीक वाट्यापाशी मी अजून जात नाही. तिथं मी मिलिलीटर घेते.

हे तुला सांगायचं होतं. तू किती हसशील याची मी मनातल्या मनात मजा घेत होते. तू तर एसटी स्टँडवर उभी राहून सगळ्यांना सांगितलं असतंस की सुलभाबाईंनी शेळ्या घेतल्या. पण शेळ्या घेतल्या म्हटलं की तू विचारणार, मग तेव्हा एवढा राग का करायचीस? आणि मग मला ती दुपार काढावी लागणार. म्हणून पुढच्या भेटीत सांगू, असं करत राहिले. आपल्या भेटी होतच होत्या. तू चतुर्थीला ओझरला यायचीस. तू देवळात, मी बाहेर, आणि मग जेवण माझ्याकडे. एकदा बाहेर येऊन म्हणालीस, तुझ्या वाटणीचाबी नमस्कार केला गं. मी म्हणाले, माझं परस्पर देऊन टाकू नकोस. दोघी भर रस्त्यात हसलो. आणि इतकं हसता येत होतं, तरी सांगता आलं नाही.

शेवटची आलीस तेव्हा वाळली होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, बीपी आहे, गोळ्या चालू आहेत. जेवून झाल्यावर ओट्यापाशी उभी राहून विचारलंस, "अजून टिंबंच सरकवतीस का?" तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी नुसतं हो म्हणाले, चेष्टेनं, तू चिडशील आणि आपलं जुनं भांडण पुन्हा रंगेल म्हणून. तू चिडली नाहीस. तू म्हणालीस, "बरं हाय तेच." मला ते उत्तर जरा विचित्र वाटलं. मला वाटलं, दमलीय.

मग तुझ्या नवऱ्याचा फोन आला, मंचरच्या दवाखान्यातून. मी गाडी करून निघाले, आणि पोचले तेव्हा तुझ्याशी बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

काल जेवणं झाल्यावर तुझी वैशाली माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. कॉलेजला जाते आता, आर्ट्सला. तुझ्यासारखी दिसते, फक्त बोलते कमी. तिला बोलतं करावं म्हणून मी म्हणाले, तुझ्या आईनं तुलाही शेळ्या घालूनच दशांश शिकवले असतील ना? तिला कळेना. शेळ्या? आजोबांच्या शेळ्या होत्या, त्या बघितल्यात, पण गणितात शेळ्या कुठनं आल्या? म्हटलं, मग भागाकार कसा शिकवला आईनं? ती म्हणाली, टिंब सरकवून. घरीही आणि शाळेतही. ती तुझ्याच वर्गात होती.

माझा विश्वास बसेना. मी पुन्हा विचारलं. मग वैशालीनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "मी इचारायची आईला, का सरकवायचं टिंब? मला कळंना, भागून वाढतं कसं. तर ती म्हनायची, तू नुसतं सरकव. ह्याच्यात कुनाला काय लागत न्हाई."

कुणाला काही लागत नाही. म्हणजे तुला कळलं होतं. काय लागलं ते कळलं नसेल, पण माझं पित्त हे पित्त नाही, पत्र्यापलीकडून काहीतरी येऊन मला लागलंय, एवढं तू ताडलंस, आणि नेमकं काय ते माहीत नाही म्हणून सगळंच सोडून दिलंस. आबा, करडं, कोयते, सगळं. तुझं शिकवणं बघायला बाहेरून शिक्षक यायचे, ते तू शिकवायचं टाकलंस आणि माझी रीत घेतलीस. मी इकडे तुझी रीत घेऊन बसले होते. मला एका शब्दाचं लागलं होतं, मंगल, एका दुपारचं. मी तोंड उघडलं असतं तर तू माझा हात धरून रडली असतीस, तो एक शब्द टाकला असतास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेळ्या सोडल्या असत्यास. तुझ्या वर्गातून पुढे इतकी पोरं गेली, त्यांना त्या मिळाल्या असत्या. मला त्याचं फार वाईट वाटतंय. तू गेलीस त्याहून वेगळं वाईट, आणि ते कमी होईल असं दिसत नाही.

वैशाली पुढे म्हणाली, तिला गणित कधी जमलंच नाही, दहावीला काठावर पास झाली आणि सुटले म्हणाली. मग विचारलं, "मावशी, पर ती शेळ्यांची काय भानगड व्हती?"

मी तिला सांगितलं. त्याच पायरीवर बसून, आधी तीन करडं आणि अर्धा वाटा, मग तो पत्रा, ती दुपार, माझे आजोबा, आमसुलं, ओझरची ती मुलगी. इतकी वर्षं ज्याला शब्द सापडत नव्हते ते सगळं सलग आलं, मधे कुठं अडखळायला झालं नाही. तुमच्या लोकांनी केलेला टेम्पो निघायला आला होता, ड्रायव्हर हाका मारत होता, तरी ती उठली नाही. भागून वाढतं कसं ते तिला पहिल्याच दमात कळलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि मग अगदी हळू म्हणाली, "हे आईला सांगायचं व्हतं, मावशी."